आत्याच्या वाट्याचं औषध

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला बघायला सगळ्यांच्या आधी आत्या आली आणि सगळ्यांपेक्षा लांब उभी राहिली. दवाखान्यातली खोली ती केवढी, पलंग, पाळणा आणि एक खुर्ची मावली की संपली. तरी आत्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी. तिथूनच मान उंच करून म्हणाली, "बघितली हं. नाक आपल्याकडचं आलंय बिचारीला." आई म्हणाली, "अगं, घे की तिला." तर म्हणे, "माझे हात गार आहेत." भर उन्हाळा होता.

पुढचा दीड महिना आत्याचे हात गारच राहिले. आमचं घर तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. ती रोज संध्याकाळी यायची आणि उंबऱ्यावरच बसायची. दुपट्यांच्या घड्या करायची, भाजी निवडून द्यायची, पोर रडलं तर जिभेने टकटक आवाज काढून तिथूनच तिला गप्प करायची. "टोचून आणलंस का?" हे रोज विचारायची, अगदी मला वैताग येईपर्यंत. टोचून आणलं, तरी आत्या उंबरा ओलांडेना.

मी आहे तापट. घरात सगळे म्हणतात, हिच्या नाकावर राग नाही, रागावरच नाक आहे. एका संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी मुलीला उचललं आणि सरळ आत्याच्या मांडीत ठेवायला गेले. आत्या ताडकन उठली आणि भिंतीला जाऊन चिकटली. "घेणार नाही म्हटलं ना!" ती ओरडली. आधी ती माझ्यावर कधी ओरडलीच नव्हती. मग मीही तोंड सोडलं. माझ्या पोरीला काटे आहेत का, ती काय रस्त्यावर सापडली आहे का, जे सुचेल ते बोलले. शेवटी म्हणाले, "तिला काही झालेलं नाही. तुलाच काहीतरी झालंय."

"झालं होतं," आत्या म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं झाली."

मग ती पुन्हा उंबऱ्यावर बसली आणि दिवे लागेपर्यंत बोलत राहिली. ती बोलली ते समजायला आधी आमच्या घरचा खोकला समजायला हवा.

आमचं घर गाद्यांचं. खाली दुकान, वर दोन खोल्या. कापूस पिंजायचं मशीन चालू झालं की सगळ्या घरावर पांढरी पूड बसायची, भांड्यांवर, भुवयांवर, देवाच्या तसबिरीवरसुद्धा. त्यामुळे आमच्याकडे सगळेच खोकायचे. आजोबा पहाटे, बाबा चहा झाल्यावर, आत्या मशीन बंद केल्यावर. आई म्हणायची, जिन्यात कोण आलंय ते मला खोकल्यावरून कळतं, मान वर करायची गरज नाही. नवं गिऱ्हाईक विचारायचं, "बरं नाही का?" आजोबा म्हणायचे, "बरं आहे हो. कापूस आहे." लोक म्हणतात सुंठेवाचून खोकला गेला, आमचा सुंठीनेही गेला नाही आणि सुंठेवाचूनही नाही. खोकला हा आजार असतो हेच आमच्या घराला माहीत नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दाभण तिच्या हातात अशी चालायची की गादीवरचे टाके मोजून एका अंतरावर पडायचे. मूठभर कापूस उचलून ती सांगायची, यात जुना किती आणि नवा किती. पाळण्यातल्या गाद्या तर तिच्याच. त्यांची तिची एक रीत होती. तीन बाजू दुकानात शिवायच्या आणि चौथी गिऱ्हाइकाच्या घरी. तिथे जाऊन गादी पाळण्यात बसवायची, वर बाळाला निजवून बघायचं, खळगा पडला तर कापूस भरायचा, टेंगूळ आलं तर काढायचा आणि मगच तोंड शिवायचं. "गादी बाळाने पास करायची असते," ती म्हणायची. बाबा चिडवायचे, "बाळ काय बोलणार?" आत्या म्हणायची, "झोपलं की पास, रडलं की नापास."

आणि पैसे तिला कळायचे ते गाद्यांत. नवा पंखा म्हणजे चार गाद्या. माझ्या दादाच्या शाळेची वर्षाची फी म्हणजे नऊ गाद्या आणि एक उशी. आजोबांची आवडती म्हण होती, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आणि तेच पुढे म्हणायचे, अंथरूण आपणच शिवतो, तरी आपले पाय कायमचे पोटाशी.

मी पाच आठवड्यांची असताना मला खोकला झाला.

दुसऱ्या कुठल्याही घरात एवढंसं बाळ खोकलं असतं तर आई त्याच दिवशी डॉक्टरकडे धावली असती. आमच्या घरात आजोबा म्हणाले, "कापसाच्या घरातलं पोर आहे, खोकणारच." बाबांनी पाळण्याभोवती ओली चादर टांगली, तिच्यावर कापसाचे तंतू अडकावेत म्हणून. आईने खिडकी बंद केली. चार दिवस ती चादर ओली करण्यात गेले. पाचव्या दिवशी दुपारी मला उबळ आली आणि ती थांबेचना. मोठ्या मुलाला या खोकल्यात शेवटी श्वास ओढताना कोंबडं आरवल्यासारखा आवाज येतो, म्हणजे निदान श्वास आत गेल्याचं कळतं. माझा श्वास आत गेलाच नाही. मी आधी लाल झाले, मग जांभळी, मग राखेच्या रंगाची. आत्याने मला उचललं आणि अनवाणी पळत सुटली. तिच्या केसांत कापूस तसाच होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला उलटं धरलं, पाठ चोळली, नाकाला नळी लावली आणि म्हणाल्या, "डांग्या खोकला आहे. चार दिवस काय करत होता?"

अकरा दिवस मी काचेच्या खोलीत होते. त्या अकरा दिवसांचं मोल सांगायचं तर खाटेचे आणि औषधांचे पैसे हा त्यातला लहान भाग. आई माझ्यापाशी, बाबा औषधं आणायला आणि पैसे उभे करायला, म्हणून दुकान बंद. दादा सात वर्षांचा होता. शाळेने त्याला तीन आठवडे येऊ नको म्हणून सांगितलं, म्हणून आजोबा घरी अडकले. लॉजवाल्याची चाळीस उशांची ऑर्डर होती, ती त्याने फिरवली. तोंडावर म्हणाला, "घरात साथ आहे म्हणतात. माझी गिऱ्हाइकं तुमच्या उशीवर डोकं कसं ठेवतील?" दुष्काळात तेरावा महिना तो असा. आठव्या दिवशी बाबांनी पिंजायचं मशीन दुसऱ्या गादीवाल्याला विकलं, अर्ध्या किमतीत. त्या माणसाने मशीन न्यायला येताना पेढीवरचे चार हमाल आणले आणि जाताना बाबांना म्हणाला, "पोरीला बरं वाटू दे." बाबांनी त्याचे आभार मानले.

सगळं मिळून एकशे चाळीस गाद्या. हा हिशेब आत्याचाच. बाबा मला लाडाने महागडी म्हणायचे. पाहुणे आले की मला पुढे करायचे, "ही बघा आमची महागडी, एकशे चाळीस गाद्यांची." मला ते फार आवडायचं. वर्गातल्या दुसऱ्या कुणाची किंमत अशी ठरलेली नव्हती. आत्या मात्र त्या वेळी उठून आत जायची. मला वाटायचं, तिला माझं कौतुक बघवत नाही.

ज्या गोष्टीचा त्या एकशे चाळिसात हिशेब नव्हता, ती आत्याने मला त्या संध्याकाळी सांगितली.

मला भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक चिठ्ठी लिहून दिली होती. घरातल्या प्रत्येकाने औषध घ्यायचं, खोकला असो वा नसो. दिवसातून चार वेळा, चौदा दिवस. "एकानेही चुकवायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या. चार मोठी माणसं आणि एक मुलगा. बाबांनी मोजून पाच जणांचे पैसे आत्याच्या हातात दिले. त्याच सकाळी माझी एक तपासणी बाहेरून करून आणायची होती आणि तिचे पैसे कुणाकडेच नव्हते. आत्या औषधाच्या दुकानासमोर उभी राहिली. तिने विचार केला. आजोबा म्हातारे, त्यांना हवंच. वहिनी पोरीपाशी आहे, तिला हवंच. भाऊ कर्ता. पुतण्या लहान. राहिली ती.

"मला कुठे खोकला होता?" आत्या मला म्हणाली. "मी धडधाकट. चार जणांचं औषध घेतलं आणि माझ्या वाट्याच्या पैशातून तुझी तपासणी करून आणली."

"आणि घरी काय सांगितलंस?"

"घेतेय म्हणून. तुझे आजोबा बसायचे ना समोर. दिवसातून चार वेळा तोंडात काहीतरी टाकल्यासारखं करून पाणी प्यायची. चौदा दिवस प्यायले."

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करते. रोज कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, अर्धाच कोर्स द्या, बाकीचा नंतर नेतो," आणि मी त्यांना सगळ्यांसमोर झाडते. बाकीचा न्यायला कुणी येत नाही, मला माहीत आहे. माझ्या अंगात ज्या तपासणीने जीव राहिला ती कुणाच्या न घेतलेल्या कोर्सवर झाली, हे मला माहीत नव्हतं. मला त्या उंबऱ्याशेजारी बसवेना आणि उठवेना.

अकरा दिवसांनी मला दवाखान्यातून घरी आणलं. आता पैसा हवा होता आणि मशीन नव्हतं, तेव्हा कापूस काठीने झोडून मोकळा करायचा. काठीने धूळ मशीनपेक्षा दुप्पट उडते. आत्याला खोकला लागला. कुणी तिच्याकडे बघितलंही नाही. आजोबा म्हणाले, "काठीचं काम आहे, होणारच."

"तुला कळलं नव्हतं?" मी विचारलं.

आत्या म्हणाली, "कळलं होतं गं. कापसाचा खोकला घशात असतो, हा पोटातून यायचा. पण घरात औषधाला पैसे नव्हते आणि औषध घेतलंय म्हणून मी सांगून बसले होते. आता कुठल्या तोंडाने मागू? मग मीही म्हटलं, कापूस."

त्याच आठवड्यात पाळण्यातल्या गादीचं काम आलं. मशीन गेल्यापासूनचं पहिलं काम. पोस्टाच्या मागच्या गल्लीत चष्मेवाल्याचं दुकान होतं, वर घर. त्याच्या बायकोला मुलगा झाला होता, पंचवीस दिवसांचा. आत्या तीन बाजू शिवून गादी घेऊन गेली. चष्मेवालीने पाळणा दाखवला. आत्याने गादी बसवली. वर निजवायला बाळ हवं होतं, चष्मेवाली त्याचं दूध बघायला आत गेली आणि जाताना म्हणाली, "धरा ना जरा." आत्याने धरलं. किती वेळ? पाव तास, वीस मिनिटं. त्यात ती तीनदा खोकली. मान वळवून खोकली, असं तिने मला दोनदा सांगितलं. चष्मेवाली बाहेर आली आणि हसत म्हणाली, "कापूस वाटतं?"

"हो, कापूस," आत्या म्हणाली.

बाळ गादीवर झोपलं. गादी पास झाली. चष्मेवालीने ठरल्यापेक्षा जरा जास्तच पैसे दिले.

दोन आठवड्यांनी आत्या खोळींचं गाठोडं घेऊन त्याच गल्लीतून चालली होती. वरच्या खिडकीतून आवाज आला. एकामागून एक, एकामागून एक, मध्ये जागा नाही, आणि मग एकदम काहीच नाही. आत्याला तो आवाज पाठ होता. काहीच नाही, हे किती वेळ चालतं तेही पाठ होतं. ती खाली उभी राहून मोजत राहिली. सोळा आकड्यांनी रडणं ऐकू आलं, तेव्हा तिचा श्वास सुटला.

"मग वर गेलीस?"

"नाही."

"आत्या, नुसतं सांगायचं होतंस! डांग्या आहे, चार दिवस घालवू नका, आत्ताच्या आत्ता न्या, एवढंच!"

"एवढंच," आत्या म्हणाली. "तिने विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? मग विचारलं असतं, त्या दिवशी तुम्ही खोकत होता ना? नवरा आला असता दुकानात, म्हणाला असता, भरा खर्च. आमच्याकडे विकायला काय राहिलं होतं? एकशे चाळीस एकदा घातले, पुन्हा कुठून घालणार? मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेले होते. तिथून परत फिरले. तिसऱ्या पायरीवरून."

ती रोज त्या गल्लीतून जायला लागली. दोन दिवस आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी आला नाही. वरची खिडकी बंद, दुकानाला कुलूप. दवाखान्यात नेलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. महिनाभराने दुकानावरची पाटी उतरली आणि तिथे बांगड्यांचं दुकान आलं. ते लोक कुठे गेले, बाळाचं काय झालं, हे गल्लीत कुणीही सांगितलं असतं. आत्याने कुणालाही विचारलं नाही.

अठ्ठावीस वर्षं विचारलं नाही. त्याऐवजी तिने काय केलं ते मला त्या संध्याकाळी उमगलं. मी कॉलेजात असल्यापासून आत्याची एक खोड होती. भाजीवाल्याचा मुलगा, मीटर बघायला येणारा, बँकेतला नवा कारकून, माझ्या वयाचा कुठलाही मुलगा दिसला की ती विचारायची, "काय रे बाळा, वय काय तुझं?" आणि मग, "वडील काय करतात?" आम्ही पोट धरून हसायचो. दादा म्हणायचा, महागडीसाठी स्थळ बघतेय. माझं लग्न ठरलं तेव्हा मी तिला म्हटलं, "आत्या, आता बस कर, मिळाला." ती तरी थांबली नाही. तिला नवरामुलगा नको होता. तिला तो मुलगा कुठेतरी चालताबोलता दिसायला हवा होता.

रेडिओ ती झोपेतही चालू ठेवायची, कारण शांतता झाली की ती मोजायला लागायची. ही खोडही आम्ही चेष्टेत घालवली होती.

आत्या घरी गेली आणि पिशवी घेऊन परत आली. आत बँकेची तीन पुस्तकं आणि रुमालात बांधलेल्या नोटा. तिने कधी चांगली चप्पल घेतली नाही, डोळ्याचं ऑपरेशन दोन वर्षं पुढे ढकललं. आम्ही तिला चिकट म्हणायचो. "त्यांनाही तेवढाच खर्च आला असेल ना," ती म्हणाली. "दवाखाना तोच, आजार तोच. मला एवढं फेडायचं आहे. पण आधी कळायला हवं, तो आहे का. तू शोध. मला विचारायची छाती नाही."

"शोधते," मी म्हटलं.

शोधायला दोन दिवस लागले. अठ्ठावीस वर्षांचं ओझं, आणि दोन दिवस. आमच्या औषधवाल्या काकांना जुने सगळे दुकानदार माहीत आहेत. म्हणाले, चष्मेवाला ना, तो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, बसस्टँडमागे. मी दुपारी मुलीला आईकडे ठेवलं आणि गेले. दुकान अर्धं होतं, उरलेल्या अर्ध्यात किल्ल्या बनवणारा. म्हातारा चष्मेवाला भिंग पुसत होता, बायको गल्ल्यावर. मी उगाच एक फ्रेम बघायला घेतली. माझ्या अंगावर दुधाचा डाग होता, तो बघून चष्मेवालीच म्हणाली, "केवढं आहे?"

"दीड महिना. मुलगी."

"टोचून घेतलंत?"

मी मान हलवली. तिने काउंटर पुसायला घेतलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. त्यांचा एक होता. पावणेदोन महिन्यांचा होऊन गेला, डांग्या खोकल्याने. नऊ दिवस दवाखान्यात होता. भिंग घासायचं यंत्र विकलं, दुकानाची जागा सोडली, नवऱ्याच्या भावाकडून घेतलेलं फेडायला अकरा वर्षं लागली. "गेलेल्यासाठी फेडणं फार जड असतं हो," ती म्हणाली. "असता तर कंटाळले नसते." पुन्हा मूल झालं नाही. मी विचारलं नव्हतं तरी पुढे म्हणाली, "मीच आणला खोकला घरात. त्या आठवड्यात मला सर्दी होती. तशीच पाजत होते त्याला. कोण दुसरं आणणार, घरात कुणी येत नव्हतं."

कुणी येत नव्हतं. गादीवाली तिला आठवतही नव्हती.

मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. मी दुसऱ्यांना सगळ्यांसमोर झाडणारी बाई. मी फ्रेमचे पैसे दिले आणि बाहेर आले. बसमध्ये मला हुंदके आवरेनात. तिची सर्दी की आत्याचा खोकला, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. पण दोन बायका गावाच्या दोन टोकांना एकच ओझं पूर्ण वाहत होत्या, निम्मं निम्मंसुद्धा नाही. आणि बस आमच्या थांब्याला लागेपर्यंत मी ठरवलं की आत्याला खोटं सांगायचं. चोपन्न वर्षांची बाई, तिला आता ते ऐकून काय मिळणार?

आईकडून मुलीला घेऊन मी घरी आले, तर आत्या उंबऱ्यावर बसलेलीच होती. मी चपला काढता काढता म्हटलं, "आहे. चांगला आहे. लांबच्या गावी नोकरी करतो."

आत्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे हलायला लागले. कितीतरी वेळाने ती उठली, जिन्याजवळच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि उंबरा ओलांडून आत आली. "आण तिला," म्हणाली.

मी मुलगी तिच्या मांडीवर दिली. आत्याने तिची मान कोपरात अशी घेतली की जणू काल सोडली होती. मुलीने तिचं बोट धरलं. आत्या हसली आणि मला माझ्या खोटेपणाचा अभिमान वाटला. दहा मिनिटं असेल, त्या दहा मिनिटांत आमच्या घरात कुणाचंच काही देणं नव्हतं. आत्या तिच्याशी बडबडत होती, गादी कसली गं तुझी ही, कुणी शिवली, सगळी टेंगळं, मी देते चांगली शिवून. मग मान वर न करता तिने विचारलं, "त्याची आई कशी आहे गं?"

मी बाटली धूत होते. माझं लक्ष नव्हतं. "अजून म्हणते, मीच आणला खोकला घरात," मी म्हणाले. "मलाच सर्दी होती म्हणते, कुणी येत नव्हतं घरात..."

आणि तिथे मी थांबले. पण उशीर झाला होता. ज्या बाईचा मुलगा लांबच्या गावी नोकरी करतो, ती अठ्ठावीस वर्षं असं म्हणत बसत नाही.

नळ चालू होता. मी तो बंद करायलाही वळले नाही. मागून आत्याचा आवाज आला, अगदी साधा.

"धर हिला. मान सांभाळ."

मी हात पुसून मुलीला घेतलं. आत्याचा चेहरा मी बघितला, तो मला आयुष्यभर पुरेल. पण ती रडली नाही. चपला घालायला वाकली. डावी चप्पल दोनदा चुकली.

"ती एकटीच असं समजतेय?" तिने विचारलं. "इतकी वर्षं?"

"हो."

"दुकान किती वाजता बंद करतात?"

"आठला. आत्या, आज नको. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"आज रात्रीही ती तेच समजून झोपणार ना?"

ती जिना उतरायला लागली. पिशवी कोपऱ्यात तशीच होती, तिन्ही पुस्तकं आणि रुमाल. मी वरून हाक मारली, "पैसे राहिले!"

"राहू देत," ती खालून म्हणाली. "आधी सांगून येते."